इन्सिएन्सो: एका वाळवंटी झुडपाची कैफियत



वनस्पतिशास्त्राच्या एका निष्ठावंत अध्यापकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत जो बोलावयास उभा राहतो, त्याने वड, पिंपळ, चंदन किंवा निदान आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर वर्षानुवर्षे फुलण्याची वाट पाहत बसणारी कारवी असा काही प्रतिष्ठित विषय निवडावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असल्यास ती वावगी म्हणता येणार नाही. मी मात्र आज ज्या झुडपाची कैफियत आपणापुढे मांडणार आहे, ते कोणत्याही निघंटूत सापडत नाही, त्याच्या फांदीला शिसवी लाकडाची किंमत नाही, त्याचे फळ कोणी खात नाही, आणि त्याची उंची सामान्यतः माणसाच्या कमरेच्या वर जात नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्येस आणि मेक्सिकोच्या वायव्येस मोहावी व सोनोरा ही जी दोन विस्तीर्ण वाळवंटे एकमेकांस लागून पसरली आहेत, त्यांच्या खडकाळ उतारांवर हे झुडूप उगवते. शास्त्राच्या दफ्तरी त्याची नोंद ‘एन्सेलिया फॅरिनोसा’ अशी आहे. तिकडचे इंग्रजी बोलणारे लोक त्यास ब्रिटलबुश म्हणतात. आणि स्पॅनिश बोलणारे इन्सिएन्सो, म्हणजे धूप, म्हणतात. मी हे शेवटचे नाव वापरीन, कारण ते ज्या मुलखातील आहे त्या मुलखातील माणसांच्या तोंडचे आहे.

हा विषय निवडण्याचे कारण आरंभीच सांगून टाकणे बरे. या झुडपाने गेल्या ऐंशी वर्षांत काही फार चांगल्या डोक्यांना कामास लावले, त्यांच्यात वाद उत्पन्न केले, आणि त्या वादांतून जे निष्पन्न झाले ते मला वनस्पतिशास्त्रातील एक महत्त्वाची गोष्ट वाटते. ती अशी की, वनस्पतीचा गुण तिच्या जागेपासून सोडवून स्वतंत्रपणे सांगू गेले की तो बहुधा खोटा ठरतो. कुंडीत जी वनस्पती विषारी ठरली ती डोंगरावर निरुपद्रवी असू शकते, आणि एका खंडात जिला गुरांचा आधार म्हणून जपतात तिला दुसऱ्या खंडात पहारीने उपटावे लागते.

प्रथम झुडपाचे रूप पाहू. बुंध्यापाशी अनेक ठिसूळ फांद्या फुटून त्यांचा एक गोलसर घुमट तयार होतो. त्यावर तीन ते आठ सेंटिमीटर लांबीची अंडाकृती पाने असतात, आणि ती हिरवी नसून रुपेरी-करड्या रंगाची असतात, कारण त्यांच्यावर दाट, गुंतलेली, पांढरी लव असते. पिठाच्या गिरणीतून बाहेर आलेल्या माणसासारखे ते झुडूप दिसते, आणि त्याच्या जातिनामातही पिठाचाच उल्लेख आहे. हिवाळी पाऊस समाधानकारक झाला की फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास या करड्या घुमटातून वीतभर लांबीचे उघडे, पर्णहीन देठ वर येतात आणि त्यांच्या शेंड्यांवर पिवळी फुले उमलतात. ती पानांपासून इतकी वर उचललेली असतात की दुरून पाहणाऱ्याला जमिनीवर राखेचे ढीग आणि त्यांच्यावर अधांतरी पिवळा थर, असे चमत्कारिक दृश्य दिसते.

‘फूल’ हा शब्द मी सोयीसाठी वापरला. सूर्यफुलाच्या कुलातील, म्हणजे कंपॉझिटी कुलातील, कोणत्याही वनस्पतीचे फूल हे वस्तुतः एक संस्थान असते: मध्यभागी लहान लहान बिंबपुष्पकांची गर्दी, सभोवार जिभेच्या आकाराच्या किरणपुष्पकांचे कडे, आणि या सर्वांस एकत्र धरणारे स्तबक. आपल्या दारावरचा झेंडू, बागेतील शेवंती, शेतातील करडई ही सारी याच कुलातील मंडळी. इन्सिएन्सोच्या बाबतीत सभोवारची पिवळी किरणपुष्पके संपूर्णपणे वंध्य असतात. फळ धरण्याचे काम ती करीत नाहीत. कीटकांना दुरून बोलावणे एवढेच त्यांचे काम, आणि बीजाची जबाबदारी मधल्या बिंबपुष्पकांवर. काही झुडपांत हे मधले बिंब पिवळेच असते, तर काहींत, विशेषतः कोलोरॅडो नदीच्या आसपास, ते तपकिरी-जांभळे असते. शिवाय हे झुडूप स्वतःच्या परागाने स्वतःस फलित करू शकत नाही. शेजारी दुसरे झुडूप हवे, आणि मध्ये मधमाशी हवी.

या वनस्पतीचा शास्त्राच्या दरबारात प्रवेश झाला तो फौजेबरोबर. १८४६ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध सुरू झाले, तेव्हा जनरल स्टीफन कर्नी याच्या हुकमतीखालील सैन्य मिसूरी नदीकाठच्या फोर्ट लेव्हनवर्थपासून सांता फेवर आणि तेथून हिला नदीच्या काठाने कॅलिफोर्नियापर्यंत चालत गेले. या सैन्याबरोबर विल्यम एमरी नावाचा एक मोजणीखात्याचा लेफ्टनंट होता. त्याचे काम अक्षांश-रेखांश घेणे, नद्यांची व डोंगरांची टिपणे ठेवणे आणि पुढेमागे कामी येईल असा नकाशा तयार करणे हे. पण त्या काळी मोजणीच्या अधिकाऱ्याने वाटेतील वनस्पतीही गोळा कराव्यात असा शिरस्ता असल्यामुळे त्याने त्याही गोळा केल्या. खेचरांना चारा नाही, माणसांना पुरेसे पाणी नाही, आणि पुढे सान पास्क्वाल येथे लढाई व्हायची आहे, अशा स्थितीत हा मनुष्य कागदाच्या घड्यांत डहाळ्या दाबीत बसला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे वाळलेल्या वनस्पतींच्या संग्रहाकडे आपण काहीशा वेगळ्या आदराने पाहतो. न्यू यॉर्क येथे जॉन टॉरी याने त्या वनस्पतींचे वर्णन लिहिले. या झुडपास हार्व्हर्डच्या एसा ग्रेने नाव दिले होते. आणि ते नाव एमरीच्या लष्करी अहवालातून १८४८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत ग्वादालूप इदाल्गोचा तह होऊन तो सारा मुलूख मेक्सिकोच्या हातून गेला. सरहद्द आणि वनस्पतीचे नाव अशा रीतीने एकाच वर्षी, जवळजवळ एकाच दफ्तरातून बाहेर पडावे, हा योगायोग असला तरी निरर्थक नाही. एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिशास्त्र किती वेळा तोफांच्या गाड्यांमागून चालत गेले याचा तो एक दाखला आहे, आणि आपल्या देशातील कंपनी सरकारच्या सर्जनांनी केलेली वनस्पतिसंग्रहाची कामे ज्यांनी वाचली आहेत त्यांना तो अपरिचित वाटणार नाही. ‘एन्सेलिया’ हे प्रजातीचे नाव मात्र जुने. ते १७६३ साली मिशेल आदाँसाँ या फ्रेंच पंडिताने सोळाव्या शतकातील ख्रिस्टोफ एन्त्सेल्ट या जर्मन धर्मोपदेशकाच्या नावावरून ठेवले. एन्त्सेल्टने खनिजांवर ग्रंथ लिहिला होता. अमेरिकेतील या झुडपाशी त्याचा सुतराम संबंध नाही.

शास्त्राने नाव ठेवण्यापूर्वी शेकडो वर्षे तेथील माणसे या झुडपास ओळखत होती, हे सांगावयास नकोच. पण ती ते कसे ओळखत होती याकडे थोडे थांबून पाहावेसे वाटते. याच्या फांद्या मोडल्या की एक सुगंधी राळ स्रवते. वरच्या फांद्यांतून येणारी राळ पिवळी, स्वच्छ व चिकट असते. ओऽधाम लोक ती चघळीत. बुडख्यापाशी मिळणारी राळ तापवून गडद करीत आणि हत्याराची पाती काठीला बसविण्यासाठी डिंकासारखी वापरीत. कॅलिफोर्नियाच्या आखातालगत राहणारे सेरी लोक दातदुखीवर उपाय म्हणून साल काढलेली फांदी राखेत तापवून दातांत धरीत. हलणारा दात त्यामुळे घट्ट होतो अशी त्यांची समजूत होती. काहुइया लोक राळ ऊन करून छातीच्या दुखण्यावर लावीत. एकाच झुडपाच्या दोन भागांतील राळेचे दोन निरनिराळे उपयोग करणाऱ्या या लोकांना आपल्या प्रयोगशाळांतील भाषेत रसायनशास्त्र येत नव्हते इतकेच. फरक त्यांना ठाऊक होता.

१६८७ पासून पुढे एउसेबिओ किनो या जेझुइट धर्मोपदेशकाने सोनोराच्या उत्तर भागात मिशनांची मालिका उभारली. प्रार्थनेच्या वेळी धूप जाळावयाचा हा रोमन चर्चचा नियम. तो धूप मूळचा अरबस्तान आणि आफ्रिकेचे शिंग या भागांतील ऊदवृक्षांचा. आपल्या सातपुड्यात जी सालई आहे ती या वृक्षांची सख्खी भावंड, आणि तिच्या राळेचाही धूप होतो. मेक्सिकोच्या वाळवंटात तो समुद्रापलीकडून आणणे परवडणारे नव्हते, तेव्हा या मुलखातील मिशनांतून स्थानिक झुडपाची राळ निखाऱ्यावर पडू लागली आणि झुडपाचे नावही त्यावरून पडले. जेझुइटांना १७६७ साली स्पेनच्या राजाने आपल्या राज्यातून हद्दपार केले, नाव राहिले.

आता पानाकडे वळू, कारण या झुडपाची खरी कीर्ती पानामुळे आहे.

हे झुडूप जेथे राहते तेथील हवामानाचा अंदाज येण्यासाठी दोन आकडे पुरेत. मोहावीच्या पोटातील डेथ व्हॅलीत, जिचा तळ समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे, वर्षाकाठी पाऊस पडतो तो सरासरी सुमारे ५०-६० मिलिमीटर; आणि तेथील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. आपल्या माणदेशाला आपण दुष्काळी म्हणतो, आणि तो आहेच; पण तेथे पडणारा पाऊस या खोऱ्याच्या कित्येक पटींनी अधिक आहे. अशा ठिकाणी रुंद पान बाळगणे हीच मुळात एक धाडसाची गोष्ट. त्या वाळवंटातील बहुतेक झुडपांनी पाने बारीक केली, काट्यांत रूपांतरित केली किंवा त्यांचा त्याग केला. निवडुंगांनी तर पानांचे खातेच बंद केले. इन्सिएन्सोने रुंद पान ठेवले आणि त्यावर लव चढविली.

या लवेचा हिशेब जेम्स एहलरिंगर, ऊल्ले ब्यर्कमन आणि हॅरोल्ड मूनी या तिघांनी १९७६ साली मांडला. त्यांनी फार सुंदर तुलना योजली होती. कॅलिफोर्नियाच्या दमट किनाऱ्यावर याच प्रजातीची ‘एन्सेलिया कॅलिफोर्निका’ नावाची बहीण राहते. तिची पाने हिरवी व गुळगुळीत. दोघींची पाने मोजून पाहता असे दिसले की, प्रकाशसंश्लेषणास उपयोगी पडणारा जो प्रकाश, तो शोषून घेण्याची वाळवंटातील बहिणीची क्षमता लवेमुळे ५६ टक्क्यांपर्यंत कमी होते. लवेतील पेशी मृत असतात, त्यांच्यात हवा भरलेली असते, आणि त्या सूर्यप्रकाश परत फेकतात. म्हणजे पान तापत नाही. तापत नाही म्हणून त्यास गारवा राखण्यासाठी पाण्याचा व्यय करावा लागत नाही. पण जो प्रकाश परत गेला, त्याबरोबर तेवढे अन्नही गेले. पाणी वाचवावयाचे तर उपास सोसावा लागतो, असा हा रोखठोक व्यवहार आहे.

याहून मनोरंजक गोष्ट अशी की, हा व्यवहार वर्षभर एकाच दराने चालत नाही. हिवाळी पावसानंतर जमीन ओली असताना जी पाने येतात ती मोठी, विरळ लवेची आणि बरीचशी हिरवट असतात. पाणी आहे तोवर प्रकाशही घ्यावा आणि वाढही करून घ्यावी, असा तेव्हाचा हिशेब. जमीन जसजशी कोरडी पडते तसतशी नवी पाने लहान, जाड आणि अधिकाधिक पांढरी येतात. जुन्या पानावर नवी लव चढत नाही. झुडूप जुने पान गाळून त्या जागी हलाखीच्या दिवसांचे पान आणते. दुष्काळ लांबला तर तीही गळतात, शेंड्यावर चार-दोन पाने शिल्लक राहतात, आणि उरलेले झुडूप वाळक्या काड्यांच्या भाऱ्यासारखे उभे असते. त्यास मेलेले समजून उपटणाऱ्या बागमालकांची तिकडे वाण नाही. पुढे डॅरेन सँडक्विस्ट आणि एहलरिंगर यांनी निरनिराळ्या भागांतील झुडपांचे बी एकाच बागेत लावून पाहिले, तेव्हा कमी पावसाच्या भागातून आलेली रोपे तेथेही अधिक पांढरी निघाली. म्हणजे प्रत्येक टेकडीने आपल्या पावसाप्रमाणे आपल्या झुडपांत पिढ्यान्‌पिढ्या निवड केलेली आहे, आणि जागेची आठवण बियांतून उतरते.

आणि या झुडपापासून पन्नास पावलांवर याचीच दुसरी बहीण याच समस्येचे अगदी उलट उत्तर देत उभी असते. वाळवंटात पावसाचे पाणी डोंगरावरून ज्या कोरड्या ओढ्यांतून वाहून जाते, त्या ओढ्यांच्या वाळूत ‘एन्सेलिया फ्रूटेसेन्स’ ही वनस्पती राहते. तिची पाने हिरवी, खरखरीत आणि लवेच्या पांढऱ्या आच्छादनाविना. फुलेसुद्धा बहुधा किरणपुष्पकांशिवाय, नुसत्या पिवळ्या गोंड्यांसारखी. तिच्या ओढ्याखाली खोलवर पाणी असते, म्हणून ती पाणी उधळून पान गार ठेवते. इन्सिएन्सो खडकाळ उतारावर राहते, जेथे पाणी टिकत नाही, म्हणून ते प्रकाश परत फेकून पान गार ठेवते. दोघींचा संकर होतो; जेथे उतार संपून ओढा सुरू होतो त्या काठावर संकरज झुडपे दिसतातही; पण उतारावर उताराची आणि ओढ्यात ओढ्याची अशी वहिवाट एकंदरीत कायम राहते. वाळवंटात जगण्याची सर्वोत्तम युक्ती कोणती, या प्रश्नाला या दोघींपुढे काही अर्थ उरत नाही. वाळवंटात कोणत्या जागी, एवढेच विचारता येते.

तथापि ज्या वादाचा मी आरंभी उल्लेख केला, तो पानाच्या रंगावरून झाला नाही. पानातील विषावरून झाला. त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो.

फ्रिट्स वेंट हा मूळचा उत्रेख्टचा डच शास्त्रज्ञ. वनस्पतींच्या वाढीस कारण होणाऱ्या ऑक्सिन या द्रव्याचे अस्तित्व ओटच्या कोंबांवरील प्रयोगांनी सिद्ध करून तो तरुणपणीच ख्यातनाम झाला होता. १९३३ पासून तो पासाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत होता, आणि प्रयोगशाळेचा मनुष्य असूनही त्याला वाळवंटाचे वेड होते. १९४२ साली त्याने असे नमूद केले की, पावसानंतर उगवणाऱ्या एकवर्षायू वनस्पती काही झुडपांच्या आश्रयाने दाटीने वाढतात, पण इन्सिएन्सोच्या खाली त्या जवळजवळ नसतात. का नसाव्यात? त्याच संस्थेतील रीड ग्रे आणि जेम्स बॉनर यांनी या झुडपाची वाळलेली पाने वाळूत लावलेल्या टोमॅटोच्या रोपांभोवती पसरली, रोपे खुरटली. पानांचा अर्क काढला. त्यानेही तेच झाले. अखेरीस त्यांनी अर्कातून कार्यकारी द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले, त्याची रासायनिक घडण निश्चित केली आणि १९४८ साली ते प्रसिद्ध केले. एका वनस्पतीने दुसरीला मारण्यासाठी वापरलेले विष हाती लागले, त्याचे नावगावही कळले! वनस्पतीही परस्परांशी शत्रुत्व करतात ही कल्पना वाचकांना फार आवडते, आणि शास्त्रज्ञही शेवटी वाचकच असतात. इन्सिएन्सो लवकरच ग्रंथांतून विषप्रयोगाचे नमुनेदार उदाहरण म्हणून मिरवू लागले.

कॉर्नेलियस मुलर हा सांता बार्बरा येथील वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने प्रयोग नाकारला नाही. तो फक्त डोंगरावर गेला. तेथे त्याला आढळले की, इन्सिएन्सोच्या शेजारी त्याच कुलातील दुसरे एक झुडूप राहते, जे त्या वेळी फ्रान्सेरिया म्हणून ओळखले जाई. त्याच्या पानांच्या अर्कातही रोपांना मारक अशी द्रव्ये आहेत. आणि तरीही त्याच्या बुडाशी एकवर्षायू वनस्पतींची झुंबड असते. मग विषाचा प्रताप तेथे कोठे गेला? मुलरने १९५३ मध्ये आणि पुन्हा १९५६ मध्ये दिलेले उत्तर अत्यंत साधे आहे. फ्रान्सेरियाच्या फांद्या जमिनीपासून दाट पसरलेल्या असतात. वाऱ्याने उडणारी माती, काडीकचरा, बी त्यांत अडकून बुडाशी सुपीक उंचवटा साचतो. इन्सिएन्सो बुडाशी मोकळे असते. वारा त्याच्या खालून सारे झाडून नेतो. ज्या जमिनीत सेंद्रिय द्रव्य आहे तेथे सूक्ष्म जंतू हे विष फार काळ टिकू देत नाहीत, आणि जेथे ते द्रव्य नाही तेथे बी उगवावयास मुळात आधारच नाही. प्रयोगशाळेतील स्वच्छ वाळूत ना जंतू होते, ना वारा. ग्रे आणि बॉनर यांचा शोध खरा होता. तो त्यांच्या वाळूपुरता खरा होता.

या प्रकरणाचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे, नाही तर मुलरवर अन्याय होईल किंवा त्याला फाजील न्याय मिळेल. १९६४ साली याच मुलरने किनाऱ्यावरील सुगंधी झुडपांभोवती दिसणाऱ्या गवतहीन पट्ट्यांचे कारण त्या झुडपांतून बाहेर पडणारी वाफारणारी द्रव्ये हे आहे, असे मोठ्या आत्मविश्वासाने प्रतिपादन केले. आणि १९७० साली ब्रूस बार्थोलोम्यू याने त्या पट्ट्यांवर जाळ्या बसविल्या, तेव्हा जाळीखाली गवत उगवले. उंदीर-सशांसारखे प्राणी झुडपाच्या आडोशाने बाहेर येऊन आसपासचे रोप न्‌ रोप खात होते. ज्याने एकदा विषाची कथा खोडून काढली तोच दुसऱ्या ठिकाणी तीच कथा सांगावयास उभा राहिला. मनुष्यस्वभावाबद्दल यातून काय सिद्ध होते ते मी श्रोत्यांवर सोपवितो. इन्सिएन्सोच्या पानातील द्रव्यांना काहीच काम नाही असेही समजू नये. त्यांतील काही द्रव्ये कीटकांना मारक असल्याचे पुढे दिसून आले आहे. तथापि ट्रायऱ्हाब्डा नावाचा एक भुंगेरा नेमके हेच पान खाऊन जगतो.

वेंटचे आणखी एक निरीक्षण जाता जाता सांगतो, कारण त्याशिवाय वाळवंटातील पिवळ्या फुलांबद्दलचा एक नेहमीचा गोंधळ दूर होणार नाही. डेथ व्हॅलीत १९९८, २००५ आणि २०१६ साली मैलोगणती पिवळा गालिचा पसरला, त्याची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. ती फुले प्रामुख्याने इन्सिएन्सोची नव्हती. ती होती ‘जिरिया कॅनेसेन्स’ या त्याच कुलातील एकवर्षायू वनस्पतीची, जी बियांच्या रूपाने जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते. वेंटने असे दाखविले की, अशी बीजे केवळ ओलाव्याने उगवत नाहीत. पाऊस वरूनच पडला पाहिजे आणि निदान अर्धा-एक इंच तरी पडला पाहिजे, म्हणजे बीजातील उगवण रोखून धरणारी द्रव्ये धुऊन निघतात. खालून तितकेच पाणी पाजले तर बी ढिम्म राहते. इन्सिएन्सोची रीत निराळी. ते दोन-तीन दशके उभे राहते, चांगल्या वर्षी भरपूर फुलते, वाईट वर्षी काड्या होऊन थांबते.

त्याच्या आयुर्मानाविषयी आपणांस जी माहिती आहे ती बव्हंशी ॲरिझोनातील तुसॉनजवळच्या तुमामोक टेकडीवरून आली. कार्नेगी इन्स्टिट्यूशनने १९०३ मध्ये तेथे वाळवंटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा स्थापन केली, आणि १९०६ मध्ये व्होल्नी स्पॉल्डिंग याने काही चौकोन आखून त्यांतील प्रत्येक झुडपाची जागा कागदावर मांडून ठेवली. पुढे फॉरेस्ट श्रीव्हने आणि त्याच्यानंतरच्यांनी तेच चौकोन पुनःपुन्हा मोजले. १९७८ पर्यंतच्या मोजण्यांवरून डेबोरा गोल्डबर्ग आणि रेमंड टर्नर यांनी कोणते झुडूप किती वर्षे जगले याचा ताळेबंद प्रसिद्ध केला. आपल्याकडे दख्खनच्या माळरानांवर, ज्यांना सरकारी कागदोपत्री अजून पडीक म्हणतात, असे चौकोन कोणी शंभर वर्षांपूर्वी आखून ठेवले असते तर आज आपण माळाविषयी किती निराळ्या अधिकाराने बोललो असतो! हा माझा विषय नव्हे; पण ही खंत मला दाबता येत नाही.

याच टेकडीवर आज जे चालले आहे तेथे आपला संबंध येतो, आणि तो संबंध काहीसा अवघड आहे. आपल्या कोरड्या भागातील गुराख्यांना अंजन गवत ठाऊक आहे. आफ्रिकेपासून अरबस्तानातून भारतापर्यंत ते मूळचे आहे. दुष्काळ सोसते, चराई सोसते, आणि गुरे ते आवडीने खातात. आपल्या कृषी खात्याच्या शिफारशींत त्याचे नाव मानाने येते. हेच गवत जमिनीची धूप थांबविण्यासाठी आणि चाऱ्यासाठी ॲरिझोनात १९३० च्या दशकापासून लावण्यात आले. तेथील मोठ्या प्रमाणावरचे बी आफ्रिकेतून गेलेले होते. तेथे त्याला बफेलग्रास म्हणतात. सोनोराच्या वाळवंटात झुडपे परस्परांपासून अंतर ठेवून असतात, मधली जमीन उघडी असते, म्हणून त्या मुलखाला वणव्याची सवयच नव्हती. जाळ एका झुडपापासून दुसऱ्यापर्यंत पोचत नसे. या गवताने ती मधली जागा भरून काढली. आता वाळलेल्या गवतातून आग डोंगरभर धावते, आणि माणसाच्या कित्येक पट उंचीचे साग्वारो निवडुंग तीत होरपळून मरतात.

उलट दिशेनेही असेच घडले. १९५० च्या दशकात पुण्यातून ज्याची नोंद झाली आणि ज्याने पुढे अर्धा देश व्यापला ते गाजरगवत अमेरिका खंडातले, इन्सिएन्सोच्याच कुलातले. मात्र याच कुलातील आणि त्याच खंडातील झेंडूला आपण दसऱ्याच्या तोरणात बसविले, आणि दगडी पाला जखमेवर चोळून घरचा केला. परदेशी म्हणून कोणाला वाईट ठरवावे आणि कोणाला नाही, याचा आपला नियम वनस्पतिशास्त्रावर फारसा आधारलेला नाही, एवढे कबूल करण्यास हरकत नसावी.

तुमामोकवर आणि जवळच्या साग्वारो राष्ट्रीय उद्यानाच्या उतारांवर स्वयंसेवकांच्या टोळ्या पहारी घेऊन अंजनाची ठोंबे मुळासकट काढतात. काढलेल्या जागी बी उरलेलेच असते, म्हणून पुढच्या पावसानंतर पुन्हा जावे लागते, आणि त्याच्या पुढच्या पावसानंतरही. ठोंब निघून मोकळ्या झालेल्या त्या खडकाळ मातीत, आणि वणव्याने जळलेल्या उतारांवरही, जी मूळची झुडपे लवकर परततात त्यांत इन्सिएन्सो आहे. रोप लहान असताना त्याची पहिली पाने हिरवट असतात. लव पुरती चढेपर्यंत ते आसपासच्या इतर तणांत चटकन ओळखू येत नाही. त्यामुळे पहार हाती देण्यापूर्वी नव्या स्वयंसेवकाला काय काढावयाचे याबरोबर काय काढावयाचे नाही, हेही दाखवावे लागते.